आमच्या वस्तीचं दूध

चहा उकळून तयार होता. कपात ओतायचा तेवढा बाकी. तेवढ्यात दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी विचारलं, "दूध कोनत्या कॅनमधलं घेतलं बे?"

 चहा करणाऱ्या गड्यानं हळूच, दूध घालायला आलेल्या माझ्याकडे बोट केलं.

सचिवांना वलगावात सगळे नाना म्हणायचे. नाना उठले. पातेलं स्वतः उचललं आणि मागच्या नालीत पालथं केलं.

"पाहुन्याले हे पाजतं काय?"

पाहुणे म्हणजे अमरावतीच्या डेअरीचे साहेब. दूधधंद्याला कसे चांगले दिवस येणार, हे सांगायला आले होते. ते मोबाईलकडे बघत राहिले. ओटाभर माणसं बसलेली.   नालीतून वाफ निघत होती. मी तेवढीच बघत राहिले.

आमच्या भीमनगर वस्तीत म्हैस फक्त आमच्या घरी. सासूनं लोकांच्या शेतात कापूस वेचून घेतलेली. लांब शिंगांची, गरीब स्वभावाची. सासू तिला चंद्री म्हणायची. माणसाशी बोलावं तशी तिच्याशी बोलायची. केंद्रावर आमच्या दुधाला वेगळी कॅन होती. तसं तोंडानं कुणी कधी म्हटलं नाही. पहिल्या दिवशी कोपऱ्यातली कॅन दाखवली, तीच आमची झाली. टँकर आला की सगळं दूध एकाच नळीनं आत जायचं. मी रोज बघायची. रोज गिळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात भाव पडत चालला होता. दुधाच्या पावडरीला उठाव नाही, दूध कमी पाठवा, असं डेअरीनं कळवलं होतं. म्हशीला घालायची सरकीची ढेप मात्र महागच. नाना मान वर न करता म्हणाले, "भाव पडून राहिला. तुमचं आता एकच टाइम घेऊ."

"काहून? बाकीच्यायचं तं दोन्ही टाइम घेऊन राहिले."

"घेतो हेच उपकार समज."

काल नालीत गेलेला चहा मला दिसत होता. 

"टँकरमंधी आमचा वेगळा कप्पा हाय काय, नाना? शहरात पेतेत, त्यायले सांगता काय तुमी, कोनाचं दूध हाय म्हनून?"

"जास्त बोलू नको."

"माहं दूध सगळ्यायच्या कॅनमंधी ओता. नाही तं मी देत नाही."

नाना हसले. "नेय मंग."

मी नेलं. भर गावातून. दूध सांडू दिलं नाही.

पुढं फार वाईट गेलं. नवरा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात. त्याच्या पगारात घर कसंबसं चालायचं, म्हैस नाही. हॉटेलवाले आधी दुधाचा भाव विचारत, मग आमची वस्ती. पावसाळ्याआधी चंद्री विकावी लागली. गाडीत चढवताना सासूनं व्यापाऱ्याला एवढंच विचारलं, "तिले पानी पाजान ना रस्त्यात?" त्या दिवशी ती जेवली नाही. रिकाम्या गोठ्यात शेण नव्हतं, तरी झाडत बसली.

बऱ्याच दिवसांनी मला म्हणाली, "तू बोलली ते बरं केलं, बाई. पन माही चंद्री गेली."  दोन्ही खरं होतं.

वस्तीतल्या काही बायकांनाही म्हैस घ्यायची होती. त्यांना घेऊन मी अमरावतीला डेअरीच्या ऑफिसात गेले, आमचं दूध सगळ्यांच्याच कॅनमध्ये घ्या म्हणायला. मोबाईल बघणारे तेच साहेब. आता गोड बोलले. "तुमच्या वस्तीत वेगळं केंद्र काढून देऊ. भांडण कशाला?"

बायका माझ्याकडे बघू लागल्या. काहींना ते पटलं होतं. मी म्हटलं, "वेगळं नको, साहेब. वेगळं तं हायेच."

साहेबांनी बेल दाबून दुसऱ्याला आत बोलावलं. आम्ही बाहेर आलो. हातात काही नाही.

सासू आता थकली आहे. तिचे डोळे उघडे आहेत तोवर मी दारात म्हैस आणणार. दूध घेऊन त्याच केंद्रावर जाणार, रांगेत सगळ्यांच्या मधे उभी राहणार. भाव पडलेला असेल तर सगळ्यांसारखा मीही सोसीन. माणूस म्हणून मात्र कमी भाव घेणार नाही.