माझ्याच हाकेला वळणारी बाय

"दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं तिला. मोठा आवाज पोचतो, साधं बोलणं पोचत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझी नात तनू, सव्वादोन वर्षांची, सुनेच्या मांडीवर औषधाच्या गुंगीत पडलेली. मी म्हटलं, "अहो, असं कसं? माझ्या हाकेला तर पटकन वळते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बा," म्हणजे गुजरातीत आजी, "तिचं झालं. आता तुम्ही बसा या खुर्चीत."

तर असे एका दिवसात आमच्या घरात दोन कमी ऐकणारे निघाले. हसा खुशाल, आम्हीही नंतर हसलो. पण तुमच्या घरात लहान मूल असेल तर पुढचं वाचा.

मी डहाणूच्या बाजारात सुके मासे विकते. बोंबील, जवळा, करंदी. सून जागृती उंबरगावची, ती लेकीशी गुजराती बोलते. आम्ही घरात आमची मांगेली बोलतो, अंगणवाडीत मराठी. त्यामुळे तनू बोलेना तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, तीन भाषांत पोर गोंधळलंय, बोलेल उशिरा. मीच सगळ्यात जास्त सांगत फिरले.

जागृतीला मात्र चैन नव्हतं. एकदा म्हणाली, "आई, मी पाठीमागून बोलावते तर ही बघतच नाही. तोंड दिसलं तरच हसते."

"तुझा आवाज तो केवढा," मी म्हटलं, "हे बघ." आणि ओट्यावरून हाक दिली, "तनू बाय." पोर गर्रकन वळली. मी ऐटीत सुनेकडे बघितलं.

जागृती म्हणाली, "आई, तुमच्या हाकेला पलीकडच्या आळीतली माणसंपण वळतात."

बोलून गेली आणि डोळे पुसत आत गेली. पोर आपल्याला ओळखत नाही की काय, हे तिच्या मनाला लागलं होतं. आणि मी इकडे खूश, की नातीचा माझ्यावरच जीव. तिची ती पाठ बघून मला राहवेना. मीच म्हटलं, चला, दाखवून येऊ.

डहाणूच्या डॉक्टरांनी कान बघून वापीला पाठवलं, बेरा टेस्ट करायला. म्हणजे मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी चिकटवतात, कानात टकटक सोडतात आणि तो आवाज मेंदूपर्यंत जातो का ते मशीन बघतं. दुखत नाही काही. पण मूल गाढ झोपायला हवं, म्हणून वाटेत झोपू देऊ नका म्हणाले होते. इको गाडीत मी टाळ्या वाजवल्या, चिकू भरवले, गाणी म्हटली. तलासरी आलं तोवर मीच घोरायला लागले होते. पोर टक्क जागी, आणि दवाखान्यातही झोपेना. शेवटी डॉक्टरांनी झोपेचं औषध पाजलं.

माझी टेस्ट वेगळी, ऑडिओमेट्री. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत होते. डॉक्टरीणबाई दार उघडून आत आल्या. "बा, मी अजून आवाज सोडलाच नाही."

माझं वयाचं निघालं, कानातली नस कमजोर झालेली. मला वाटायचं, हल्लीची गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्ही मोठा लावायचे तर शेजारीण म्हणायची, मालिका फुकट ऐकायला मिळते. कानात शिटी वाजायची, ती मी वाऱ्यावर ढकलली. मला ऐकू कमी, म्हणून मी मोठ्याने बोलणार. मी मोठ्याने बोलते, म्हणून तनूला फक्त मीच ऐकू येणार. आणि आम्ही त्याला माया समजत होतो.

भाषांचं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन काय, पाच भाषा असू द्या घरात. ऐकू आलं तर मूल वेळेवर बोलतं. दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल तर आधी कान तपासा. आणि घरचं तेल कानात घालू नका."

तेल मी घातलं होतं, लसणाचं.

तनूला कानामागे लावायची छोटी मशीनं मिळाली. सुरुवातीला ओरबाडून फेकायची. एक तर मांजराच्या ताटलीत सापडलं. स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवण्याचे तास, तेही सुरू झाले. जागृती न चुकता घेऊन जायची.

मग एका सकाळी तनू माझ्याजवळ बसून बोंबलांशी खेळत होती, पाठ घराकडे. आतून जागृती तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "तनू, आव बेटा." मलासुद्धा माझ्या नव्या मशीनमुळे ऐकू आलं. पोरीचा हात थांबला. वळली. दाराकडे बघितलं आणि उठून धावत सुटली.

जागृती उंबऱ्यातच खाली बसली, पिठाच्या हातांनी पोरीला पोटाशी धरून.

डॉक्टरांचे, शिकवणाऱ्या ताईंचे उपकार आहेतच. पण खरं ओळखलं ते आईने. घरातली आई काही सांगत असेल तर माझ्यासारखी हाक मारून दाखवू नका, तपासून घ्या. हल्ली बाजारात कोणाच्या कडेवर पोर दिसलं की मी सुकट बांधता बांधता विचारते, पाठीमागून हळू हाक मारली तर वळतं का हो?

आणि तनू आता आधी आईकडे जाते. मग माझ्याकडे. तसंच असायला हवं.