मे महिन्यात लग्न नको

नाव नसरुद्दीन, वय बावन्न, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सध्या वास्तव्य अल खर्ज, सौदी अरेबिया. इकाम्यावर (निवास परवान्यावर) हुद्दा: पर्यवेक्षक, दुग्धशाळा. कंपनीच्या लेखी सदर इसम 'अत्यावश्यक' असून त्याच्या गैरहजेरीत दूधकाढणी खंडित होण्याचा संभव आहे.

या अत्यावश्यक इसमाच्या मुलीचा, सानियाचा, निकाह ठरला जूनच्या पहिल्या आठवड्यात. नवरामुलगा कुवेतहून बकरीदलाच यायचा होता, आणि पुढे मोहरम. रजा मंजूर होती. साहेब डोनल, आयरिश, मेमध्ये लग्न करून परतणार आणि मग नसरुद्दीन जाणार. दोघांनी एकदम जायचं नाही, हा नियम.

एप्रिलमध्ये डोनल तोंड पाडून गोठ्यात आला. नसरुद्दीनला तो नाझच म्हणायचा.

"नाझ, आई म्हणते, मेमध्ये लग्न केलं की जन्मभर पस्तावा. आमच्याकडे मानतात. जून धरलाय. तुझं महिनाभर ढकल ना."

"मोहरम लागतो, साहेब. त्यात निकाह करत नाहीत."

"धर्मात आहे तसं?"

"धर्मात नाही. माझ्या बहिणीत आहे."

दोघंही पोटभर हसले. अंधश्रद्धा दोन्हीकडे सारखीच होती. रजेवर सही मात्र एकाचीच चालायची.

जाताना डोनलने घोड्याचा जुना, झिजलेला नाल मागितला. त्यांच्यात नवरी तो जवळ बाळगते. नसरुद्दीनने शेजारच्या तबेल्यातून आणला, रॉकेलने घासून लखलखीत केला.

"उघडी बाजू वर हां," डोनल म्हणाला, "नाहीतर नशीब सांडतं."

नसरुद्दीनने तो तसाच, उघडी बाजू वर धरून, त्याच्या हातात दिला.

बायको खतीजा गावाहून फोनवर कडाडली, "त्याच्या आयशीला मे चालत नाय, म्हणून माझ्या पोरीन् बापाशिवाय कबूल म्हणायचा?"

"मुस्तफा आहे ना. चुलता म्हणजे बापच."

"मग तुम्ही कोण?"



निकाह त्याने फोनवर पाहिला, दूध काढायच्या यंत्रांमध्ये उभं राहून. बापाच्या खुर्चीत मुस्तफा होता. सानियाचे ओठ हलले.

"ऐकलंत ना?" खतीजाने विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला. यंत्रांच्या घरघरीत त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

जुलैमध्ये तो महिन्याच्या रजेवर गेला. सानिया सासरी होती. अल खर्जला त्याच्या जागी कुणालाही नेमलं नाही. दूध एक लिटरनेही कमी झालं नाही.