परिपत्रक आलंच न्हाई

मंठ्याजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर होते. सहा शिक्षकांत बाई मी एकटीच, आणि बौद्ध घरातलीही एकटीच. नव्या गणिताचं प्रशिक्षण, विज्ञानाचं शिबिर, सगळं मला होऊन गेल्यावर कळायचं. विचारलं की हेडमास्तर म्हणायचे, "परिपत्रक आलंच न्हाई, बाई."

दोन वर्षं मी ते खरं मानलं.

मग एका रविवारी नवीन जालन्यात टेंभुर्णीचे एक गुरुजी भेटले. अध्यापक विद्यालयात ते माझ्या एक वर्ष पुढे होते. त्यांच्याही शाळेत हेच चाललेलं. "कुणाच्या ना कुणाच्या शाळेत तर कागद फळ्यावर लागतोच ना?" ते म्हणाले. "ज्याला दिसंल त्यानं बाकीच्यांना जल्दी पोस्टकार्ड टाकायचं."

वर्षभरात आम्ही सात जण झालो. बहुतेक बौद्ध, एक मातंग समाजातले गुरुजी, एक उर्दू शाळेतल्या आपा. महिन्यातून एकदा जालना स्टेशनच्या बाकावर बसून एकमेकांचे पाठ तपासायचो. आपा फार कडक होत्या. माझा हवेच्या दाबाचा पाठ त्यांनी तीनदा मोडून पुन्हा लिहायला लावला.

विज्ञान शिबिराचं कार्ड आलं ते आपांचंच. अर्जाला चार दिवस उरलेले. मी अर्ज घेऊन हेडमास्तरांकडे गेले.

"परिपत्रक आलंच..."

"आलंय सर. मागच्या मंगळवारी निघालंय. जावक क्रमांक सांगू?"

त्यांनी टेबलाचा खण उघडून तेच परिपत्रक बाहेर काढलं आणि माझ्या अर्जावर सही केली.

शिबिर औरंगाबादला झालं. शेवटच्या दिवशी मी तोच हवेच्या दाबाचा पाठ घेतला. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा केला. पाण्याचा थेंबही सांडला नाही. अधिकारी उठून पुढे आले, म्हणाले, "परत करा." मी परत केलं. टाळ्या थांबेनात.

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या शिक्षकांना शिकवायला मला बोलावलं. समोर चाळीसेक माणसं. तिसऱ्या ओळीत आमचे हेडमास्तर, मांडीवर वही. पाठ संपल्यावर त्यांनी हात वर केला.

"बाई, पुठ्ठा जाड घ्यायचा का पातळ? माझा सारखा पडून राह्यला."

"पातळ घ्या सर. पुढं या, तुमच्याकडूनच करून घेते."

ते आले. पेला धरलेल्या त्यांच्या हाताला मी हात लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो उलटा केला.