खडीवरचे सदतीस मीटर

मुफ्लिहने आयुष्यात एकच गोष्ट मनापासून शिकवली, ती म्हणजे गाडी थांबवणं. चालवायला कुणीही शिकवतं, असं तो म्हणे. बावीस वर्षं तो जॉर्डनच्या सैन्यात, झर्काच्या तळावर, रंगरुटांना ट्रक शिकवत होता. ट्रकच्या पायरीवर उभा राहून दारावर थापा मारायचा आणि ओरडायचा, "दाब, सोड! दाब, सोड! झोपलास काय रे, ब्रेक आहे तो, उशी नाही!" ब्रेक एकदम दाबून धरला की चाकं अडकतात आणि गाडी वळत नाही. म्हणून पायाने ठोके द्यायचे. हे ठोके शिकलेली हजारभर माणसं त्या देशाच्या रस्त्यांवर गाड्या चालवत होती, आणि कुठेही भेटली तरी "अबू हायल!" म्हणून त्याला मिठी मारत होती. अबू म्हणजे बाप, आणि हायल त्याचा थोरला मुलगा.

निवृत्त झाल्यावर तो अम्मानला एका मोटारींच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मुख्य मिस्त्री म्हणून लागला. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. अँटी-लॉक ब्रेकच्या गाड्या आल्या आणि त्याची बावीस वर्षांची शिकवण एका दुपारीत उलटी झाली. आता पायाने ठोके द्यायचेच नव्हते. पॅडल पूर्ण दाबायचं आणि दाबूनच धरायचं, दाब-सोड यंत्र स्वतः करतं, सेकंदाला दहा-बारा वेळा. दुसरा कुणी असता तर चिडला असता. मुफ्लिहला मात्र गंमत वाटली. आठवडाभर तो संध्याकाळी रिकाम्या मैदानात पाणी ओतून गाड्या थांबवून बघत होता.

त्याच सुमारास परदेशातल्या कारखान्याकडून चाचण्यांचा कागद आला. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, पण आकडे वाचता येत होते. ताशी साठ किलोमीटर वेग. ओला गुळगुळीत पृष्ठभाग: जुना ब्रेक बासष्ट मीटर, नवा चौतीस. कोरडं डांबर: वीस आणि एकोणीस. शेवटची ओळ सुट्या खडीची होती. जुना ब्रेक एकोणतीस मीटर, नवा सदतीस.

ती ओळ त्याने दोनदा वाचली. कारण लगेच ध्यानात आलं. खडीवर अडकलेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग करतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. नवा ब्रेक चाकाला अडकूच देत नाही, मग ढीग कुठून होणार? ब्रेकमध्ये खोट नव्हती. ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग हातात राहतं, हा त्याचा खरा गुण. लवकर थांबणं हा सगळीकडचा गुण नव्हे.

जाहिरात करायला रम्झी नावाचा तरुण आला. डोक्यावर काळा चष्मा, हातात कागद. त्याने सगळ्या वर्कशॉपमध्ये फिरून मुफ्लिहच निवडला. पिकलेल्या मिशा, सरळ पाठ, लोकांनी ओळखलेला चेहरा. मुफ्लिहने म्हणायचं वाक्य त्याने लिहूनच आणलं होतं: "मी तीस वर्षं ब्रेक शिकवले. ही गाडी कोणत्याही रस्त्यावर निम्म्या अंतरात थांबते."

"बावीस वर्षं," मुफ्लिह म्हणाला.

"तीस बरं वाटतं कानाला, अबू हायल."

"आणि कोणत्याही नाही. ओल्या रस्त्यावर. खडीवर तर उलट जास्त अंतर लागतं. कागद दाखवू?"

रम्झीने कागद बघितलासुद्धा नाही. "खडीवर राहणारे नवी गाडी घेतात का, काका? ते गाढव घेतात. गाढवाला ब्रेक कुठे असतो?"

सगळे हसले. मुफ्लिहही हसला.

तो स्वतः खडीवरचा माणूस. तफिलाच्या डोंगरातलं ऐन बुत्मा हे त्याचं गाव. मुख्य रस्ता सोडल्यावर गावापर्यंत सहा किलोमीटर नुसती खडी टाकलेली, डांबर पुढच्या वर्षी येणार असं सरकार सांगत होतं. त्या हसण्यानंतर त्याने वाक्य म्हटलं, तीन वेळा, दिव्यांच्या उजेडात. इस्त्री केलेला जुना गणवेश घालून फोटो काढला. महिन्याभरात अम्मानच्या सातव्या चौकात त्याचा चेहरा दोन मजले उंच टांगला गेला. नवीन वर्षाला कंपनीने कॅलेंडर छापलं, वर तो फोटो आणि ते वाक्य, खाली महिन्यांची पानं. मुफ्लिहने साठ कॅलेंडरं गावी नेली आणि घरोघर वाटली. बहीण सुरय्याने तर शेजारणींना बोलावून दाखवलं. "बघा गं, आमचा दादा. मिशा तर बघा, सिनेमातल्यासारख्या!"

सुरय्याचा मुलगा झैदान गावच्या शाळेत मास्तर होता. त्याने त्याच वसंतात गाडी घेतली. मामाच्या शब्दावर घेतली, हे तो सगळ्यांना सांगे. मुफ्लिहने त्याला शेजारी बसवून शिकवलं, "आता ठोके विसर. पूर्ण दाब आणि धरून ठेव. पायाखाली थरथरलं तरी उचलू नकोस." हे शिकवताना खडीची ओळ त्याच्या मनात आली होती. उत्साहाने भरलेल्या पोराला कशाला नाउमेद करायचं, असं म्हणून त्याने ती तशीच मागे ढकलली.

जूनमध्ये एका दुपारी, शाळेचे निकाल लावून झैदान घरी निघाला होता. वळणापलीकडे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा चालक अय्याद रस्त्यात वाकून नळीचं तोंड घट्ट करत होता. झैदानने त्याला बघितलं, पूर्ण ब्रेक दाबला आणि धरून ठेवला. एका बाजूला टँकर, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी सरळ जात राहिली. ती थांबली तेव्हा अय्याद तिच्याखाली होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

पोलिसांनी खडी तपासली. जुन्या गाडीने ब्रेक मारला की खडीत दोन खोल चर पडतात, ते त्यांना ठाऊक होतं. इथे चर नव्हते. अहवालात लिहिलं गेलं: ब्रेकच्या खुणा आढळल्या नाहीत. गावाला तेवढं पुरलं. मास्तरचं लक्ष नव्हतं. मास्तर कॅसेट बदलत होता. वर खोटंही बोलतो, म्हणे ब्रेक मारला!

झैदान जामिनावर सुटला त्या दिवशी मुफ्लिह गावी गेला. भाचा भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली.

"मामा, मी दाबला होता. पूर्ण. पायाखाली खडखडत होतं, कुणी खालून हातोडी मारतंय असं. तुम्ही म्हणाला होतात उचलू नकोस. नाही उचलला."

मुफ्लिहला तेव्हाच सगळं कळलं. सदतीसमधून एकोणतीस गेले, आठ मीटर. अय्याद टँकरच्या मागच्या चाकापाशी होता, आणि गाडी त्या जागेपुढे पाच मीटर जाऊन थांबली होती.

सुरय्या दारात उभी होती. बाहेर भावकीतली माणसं होती. मुफ्लिह म्हणाला, "नीट आठव."

हे दोनच शब्द. झैदानने मान वर केली, मामाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मुफ्लिह दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. त्या उन्हाळ्यात त्याने चाळीसेक गाड्यांचे ब्रेक तपासले, आणि सातवा चौक टाळायला रोज लांबचा रस्ता धरला. ऑगस्टमध्ये सुरय्याचा फोन आला. "तो आता म्हणतो, कदाचित दाबलाच नसेल. रात्री उठून बसतो आणि जमिनीवर पाय दाबून बघतो. दादा, तू तरी सांग त्याला, काय झालं असेल?" मुफ्लिह म्हणाला, "वेळ जाऊ दे."

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी जाहा निघाली. जाहा म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूने मोठ्या माणसांनी मेलेल्याच्या घरी जाऊन माफी मागायची. ऐंशी माणसं होती. पुढे अबू नाएल, आसपासच्या दहा गावांत ज्याचा शब्द खाली पडत नाही असा म्हातारा. मुफ्लिह दुसऱ्या रांगेत बसला. अय्यादचा बाप, हाजी सुवैलिम, समोर होता. यजमानांनी कॉफी ओतली आणि पहिला पेला अबू नाएलपुढे ठेवला. त्याने तो रीतीप्रमाणे खाली तसाच राहू दिला. मागणी मान्य झाल्याशिवाय कुणी घोट घ्यायचा नसतो.

अबू नाएल चांगलं बोलला. नशिबाबद्दल बोलला, शेजाराबद्दल बोलला. सुवैलिमने ऐकून घेतलं.

"मला पैसा नको," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या बदल्यात मी काय मोजू? माझी एकच मागणी आहे. मास्तरने इथं उभं राहून सांगावं की मी बघत नव्हतो आणि मी ब्रेक मारला नाही. अपघात मला पचेल, अबू नाएल. खोटं पचत नाही. तेवढं बोलला की पेला उचला."

अबू नाएलने वळून झैदानकडे बघितलं. ऐंशी माणसांनी बघितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बोलून टाक रे, सुटशील."

झैदान उभा राहिला. पंचवीस वर्षांचा होता, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला. "मी..." तो म्हणाला. "मला वाटतं, मी..."

दाराच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. मुफ्लिह आत आल्यापासून तिकडे पाठ करून बसायची धडपड करत होता, पण रांग तशी वळली नव्हती. इस्त्रीच्या गणवेशातला तो माणूस तासभर त्याच्याकडेच बघत होता.

"त्याने ब्रेक मारला होता," मुफ्लिह उठून म्हणाला.

"अबू हायल, खाली बस," अबू नाएल दबक्या आवाजात म्हणाला. "हे घरी बोलायचं."

"घरी तीन महिने बोललो नाही, म्हणून तर इथे बोलतोय. हाजी, ह्या ब्रेकच्या गाडीचे खडीत चर पडत नाहीत. आणि ती खडीवर लवकर थांबतही नाही, उशिरा थांबते. जुन्या गाडीपेक्षा आठ मीटर पुढे जाते. पोराने मी सांगितलं तसंच केलं, तंतोतंत."

सुवैलिमने दारामागच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "मला वाचता येत नाही. मास्तर, तू वाच. त्यावर काय लिहिलंय?"

झैदानने वाचलं. वर्गात वाचतात तसं, स्पष्ट. "ही गाडी कोणत्याही रस्त्यावर निम्म्या अंतरात थांबते."

"आमचा रस्ता रस्त्यात धरला होता की नाही?" सुवैलिमने विचारलं.

मग तो मुफ्लिहकडे वळला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"जाहिरातीत बोललो त्याच्या आधीपासून. कागद आला होता. मी तसं म्हणालोही, एकदा. तर जाहिरातवाला म्हणाला, खडीवरचे लोक गाढवं घेतात." मुफ्लिह थांबला. पुढचं बोलायची गरज नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. "मी हसलो, हाजी."

अबू नाएलने कपाळावर हात मारला. मागच्या रांगेत कुजबूज झाली. आपल्याच जाहेत बसून आपल्याच माणसाने केलेला असा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता. सुवैलिमने हात वर केला तशी ती थांबली.

"मास्तर, बस बाळा," तो म्हणाला. "तुझ्यावर माझं काही नाही. अबू नाएल, पेला उचला, गार होतोय."

अबू नाएलने घोट घेतला. सुवैलिमचा पुतण्या किटली घेऊन उजवीकडून रांगेने निघाला, तोच एक पेला भरत, घेत, पुढच्याला देत. झैदानने पेला घाईने तोंडाला लावला, अर्धी कॉफी सदऱ्यावर सांडली. मग पुतण्या मुफ्लिहपुढे आला.

"त्याला नको," सुवैलिम म्हणाला. आवाज चढवला नाही. "तो अजून माझ्याकडे त्याच्या कामाला आलेला नाही. तो मास्तरच्या कामाला आलाय."

पुतण्या पुढे सरकला.

उठताना सगळ्यांनी सुवैलिमचा हात हातात घेतला. मुफ्लिह शेवटी राहिला. सोमवारी पोलिसांकडे जाऊन जबाब लिहून देतो म्हणाला, कागदासकट. कंपनीलाही कळवतो. नोकरी जाईल, ते त्याने सांगितलं नाही. सुवैलिमने मान हलवली.

"आणि मी येऊ का, जाहा घेऊन, माझ्या कामाला?"

"माणसं मिळतील तुला?"

मुफ्लिहने अंगणात बघितलं. अबू नाएल गाडीत बसला होता, काच वर करून. झैदान एकटाच फाटकाशी थांबला होता, मामासाठी की नुसताच, ते कळत नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. मग दाराच्या मागे हात केला. "निदान ते तरी काढून नेऊ द्या."

"नको," सुवैलिम म्हणाला. "तू दिलेलं आहे. राहू दे. वर्ष संपलं की मी काढेन. मग ये."

कॅलेंडरवर सप्टेंबरचं पान होतं.