चप्पल पायात घाला, मॅडम

चिमीला फिट येते हे खोडाळ्याच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरचा इलाजही सगळ्यांना ठाऊक होता: चप्पल. पोरगी कोसळली की जो जवळ असेल तो पायातली काढून तिच्या नाकाला लावणार. "इतक्या हुंगल्यात की वासावरून मालक सांगीन," असं ती हसत म्हणायची. पण शुद्धीवर येताना पहिला वास कुणाच्या तरी पायताणाचा यावा, याची तिला मनस्वी चीड होती. कुणालाही यावी.

चिमी साखरशेत गावची, आश्रमशाळेत दहावीला. दिवाळीनंतर वर्गात फिट आली तेव्हा मुख्याध्यापकांनी बापाला बोलावून सांगितलं, "आणखी एकदा आली तर हिला घरी न्या. पोरं घाबरतात." बापानं मान डोलावली. चिमीनं नाही डोलावली. घरी म्हणजे नागलीचं शेत आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न. तिला दहावी इथंच काढायची होती.

जव्हारच्या डॉक्टरांनी गोळ्या देताना सांगितलं होतं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना गाठा. घरच्यांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. मग चिमीनं खोलीतल्या पोरींना शिकवायचं ठरवलं.

रोज संध्याकाळी ती मुद्दाम पडायची. हातपाय झाडायची, डोळे फिरवायची. पहिल्या दिवशी पोरी किंचाळल्या, दुसऱ्या दिवशी हसल्या. "हसा खुशाल, पण टॉवेल कुठं हाय?" ती पडल्यापडल्याच ओरडायची. तिची जिवलग रविना घड्याळ धरायची. महिनाभरात पोरी अशा तरबेज झाल्या की चिमी जमिनीला टेकायच्या आत टॉवेल हजर.

जानेवारीत, दुपारच्या जेवणाच्या रांगेत थाळी खणकन वाजली आणि चिमी खरंच पडली. पोरींना वाटलं, ही बया भर रांगेत सराव घेतेय. वाटलं ते बरंच झालं. कुणी किंचाळलं नाही. कूस, टॉवेल, घड्याळ. वसतिगृहाच्या अधीक्षिका मीना मॅडम मात्र हातात चप्पल घेऊन धावत आल्या.

रविना आडवी आली. "मॅडम, चप्पल नाय लावायची. ती पायात घाला."

मॅडमच्या हातून चप्पल गळाली. त्या चिमीच्या उशाशी बसल्या.

चिमीला जाग आली ती आमटीच्या वासानं. तिनं दोनदा वास घेऊन खात्री केली. "किती?"

"दीड मिनिट," रविना म्हणाली.

समोर मुख्याध्यापक उभे होते. चिमीची जीभ जड होती, पण दबली नव्हती. "सर, बॅग भरते. आधी सांगा, कोण घाबरलं?"

सरांनी वळून पाहिलं. पहिलीची पोरं भात कालवत होती. एकाला आमटी आणखी हवी होती.

"जेव," ते म्हणाले. "बॅग राहू दे. तुझ्या बापाशी मी बोलतो."

चिमी उठून बसली. मीना मॅडमचा एक पाय अजून उघडाच होता. तिनं चप्पल ओढून त्यांच्यापुढे सरळ ठेवली.

"घाला मॅडम. खडे टोचतील."