कोरड्या दोराचं गाव

उटी लिहून झाली, काश्मीर लिहून झालं, आता काय, असं शेजारी विचारू लागले तेव्हा मी जाहीर केलं की यंदा दुष्काळ पाहायला जाणार. बहात्तरचा पाऊस न येताच गेला होता, त्र्याहत्तरचा यायचा होता. बायकोनं फिरकीचा तांब्या भरून पिशवीत ठेवला आणि बजावलं, "तिथलं पाणी पिऊ नका."

पुण्याहून एस.टी.नं नगर आणि तिथून पूर्वेकडच्या एका तालुक्याला दुसरी एस.टी. शिरूर सोडल्यावर खिडकीतून हिरवं असं एकच दिसलं, सरकारी पाट्यांचा रंग. 'पाणी हे राष्ट्राचे धन आहे, जपून वापरा.' पाटी ज्या ओढ्याच्या काठी होती, त्या ओढ्यात शेळ्या कागद खात होत्या. धन चांगलंच जपलेलं दिसत होतं.

तालुक्याला माझा वर्गमित्र वसंता पाणीटंचाईचा साहेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जीपनं निघालो. वाटेत खडी फोडायचं काम चाललं होतं आणि मजुरांना सुकडी (सरकारकडून मिळणारा कोरडा गोड खाऊ) वाटत होते. मीही मूठभर चाखली. चव वाईट नाही, पण घशाखाली उतरायला तांब्याभर पाणी लागतं, हे दुष्काळासाठी ती निवडणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझा तांब्या तिथंच संपला.

जीपमध्ये पायाशी एक दोर होता. त्याला हाताहातावर गाठी मारलेल्या आणि टोकाला लोखंडी वजन.

"गावच्या विहिरीत सोडायचा," वसंता म्हणाला. "कोरडा आला तर टँकर मंजूर, ओला आला तर नामंजूर."

"आणि थोडासाच ओला आला तर?"

"तसा रकाना नाही."

गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना माझ्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे. अख्खं गाव विहिरीभोवती उभं होतं. वसंतानं दोर सोडला, ओढला. वजनाला चिखल लागला होता, दोर मात्र ठणठणीत कोरडा. माणसं पास झालेल्या पोरांसारखी एकमेकांकडे बघून हसली.

"टँकर पायजेच, सायेब," सरपंच म्हणाले. "न्हाईतर बायांनी तीन मैल नदीला जायचं, वाळूत झिरा उकरायचा. माझी सून आठव्या महिन्यात हाय, ती बी जाती."

"येईल, येईल," वसंता म्हणाला. "दोर खोटं बोलत नाही."

कागद पुरा करायला आम्ही सरपंचांच्या ओट्यावर बसलो. त्यांच्या आई ठकूबाई बाहेर आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लई तापलंय लेकरू." आत गेल्या आणि गुळाचा खडा नि गच्च भरलेला तांब्या घेऊन आल्या.

"आये, आगं..." सरपंच दबक्या आवाजात म्हणाले. तोवर मी दोन भांडी रिचवली होती. पुणेरी माणूस, दाद दिल्याशिवाय राहवतं कुठं? मी मोठ्यानं म्हणालो, "वा! इतकं गोड पाणी आमच्या पुण्यातसुद्धा नाही!"

वसंताचं पेन थांबलं. "हे पाणी कुठलं?"

सरपंच आईकडे बघू लागले. मग ठकूबाईच बोलल्या.

"हिरीचंच. रातभर झिरपतं, वीस हंडं. गावात सत्तर उंबरं हायती. सरकारला दोर कोरडा लागतो, म्हून बायांनी पहाटंलाच सगळं उपसून घरात ठिवलं."

वसंता मनाचा वाईट नव्हता. तो खरोखर कळवळला आणि कळवळतच त्यानं 'कोरडी' खोडून 'पाणी उपलब्ध' लिहिलं. गावाचा टँकर हातचा गेला. राहिली पंचाची सही. ती करायला गावातलं कुणी पुढं होईना.

"तू कर," वसंता मला म्हणाला. "पाणी तूच प्यायलास."

"नाही केली तर?"

"तर मी इथंच बसतो, आणि तू एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत जा. नऊ मैल आहे."

बाहेर रणरणतं ऊन होतं. दारात सरपंचांची सून एक हात कमरेवर ठेवून उभी होती. तिचे तीन मैल आणि माझे नऊ, असा हिशेब मी मनाशी केला आणि नऊ जास्त म्हणून सही ठोकली. वर नावापुढं बी.ए.सुद्धा लिहिलं. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

जीप सुरू झाली, तेव्हा ठकूबाईंनी माझ्या पिशवीतला रिकामा तांब्या काढून घेतला आणि आतून भरून आणला.

"नको हो आजी."

"पाव्हन्याला रिता तांब्या घिऊन धाडू व्हय? आमी काय आजून मेलो न्हाई."

परतीच्या वाटेवर मी नगरला सोड्याच्या दोन बाटल्या प्यायलो. तांब्याची फिरकी उघडायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर बायकोनं पिशवी उपसली.

"अगंबाई, हा तर भरलेलाच! तिथलं पाणी घरी कशाला आणलंत?" म्हणत तिनं तांब्या मोरीत उपडा केला.

मी थांब म्हणेस्तोवर तो रिकामा झाला होता. संध्याकाळी शेजारी जमले आणि कुणीतरी विचारलं, "पाणी तरी मिळालं का हो प्यायला?"

"मिळालं," मी म्हणालो. "मी प्यायलो तेवढं आता सरपंचांची सून नदीवरून भरून आणत असेल."