ताईचे बारा, बाबांचे साडेपाच

लखनौच्या चिनहट भागातल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टाइम झोनचा विषय निघाला की सगळे माझ्या टेबलाकडे बघायचे. तशी सवय मीच लावली होती. आपल्या देशात या टोकापासून त्या टोकापर्यंत घड्याळ एकच, त्यामुळे इथल्या पोरांना वाटतं, साडेपाच तास इकडे-तिकडे केले की जगाचं गणित सुटलं. टपरीवर चहा पिता पिता मी त्यांना समजवायचो, की विलायतेतले लोक मार्चच्या शेवटी घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी मागे घेतात. तेव्हा ऍपमध्ये नुसती वेळ साठवू नका, ती कुठल्या गावची तेही साठवा. पोरं "जी सर" म्हणायची आणि समोसा उचलायची.

इतकं ज्ञान असलेल्या माणसाने स्वतःच्या घरात काय केलं, ते आता सांगतो.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. नोकरीपायी लखनौला आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी, हा त्यांचा कायदा. लहानपणी मी किंवा ताई घरात चुकून "हाँ" म्हणालो तरी ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचे. म्हातारपणी ते विसरायला लागले. आधी चष्मा विसरला, मग घराकडे वळणारा रस्ता, मग मी. मला ते "आइए साहब" म्हणू लागले. जन्मात पहिल्यांदा बाबांनी मला मान दिला, असं मी सगळ्यांना हसत सांगायचो.

ताई मात्र त्यांच्या आठवणीत टिकून होती. ती लंडनला असते. दुपारची झोप, मग चहा, आणि चहानंतर थोडा वेळ बाबांचं डोकं अगदी लख्ख व्हायचं. तेवढ्या वेळात ताई व्हिडिओवर दिसली की ते म्हणायचे, "काय गं कार्टे, जेवलीस का?" ताईचा अख्खा दिवस त्या वाक्यावर चालायचा.

अडचण एकच होती. बाबांना फोन उचलता येईना. ते लाल बटण दाबायचे, नाहीतर टॅबलेट कानाला लावायचे. म्हणून मी दोघांपुरतं एक ऍप लिहिलं. ठरल्या वेळी बाबांच्या पलंगाशेजारचा टॅबलेट आपणहून उघडायचा आणि त्यात ताई दिसायची. वेळ होती ताईच्या जेवणाच्या सुट्टीची, तिच्याकडचे दुपारचे बारा. हिवाळ्यात तेव्हा आमच्याकडे साडेपाच वाजतात. चहा होऊन गेलेला असायचा. सगळं जुळलं होतं. वेळेपुढे गाव लिहायचं होतं, तिथे मी मोठ्या ऐटीत लंडन लिहिलं. घड्याळं पुढे गेली तरी ताईचे बारा ते बाराच राहतील!

ते राहिलेही. मार्च संपता संपता तिकडची घड्याळं पुढे गेली आणि ऍप अजिबात चुकलं नाही. ताईच्या बाराला बरोबर उघडलं. फक्त आमच्याकडे तेव्हा साडेचार वाजले होते आणि बाबा गाढ झोपेत होते.

उशाशी एकदम उजेड पडला आणि एक बाई "बाबा! अहो बाबा!" म्हणू लागली. ते दचकून उठले, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, "जी, आप कौन?"

पोटच्या मुलीशी हिंदीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ताईने मला कळवलं नाही. आधीच भाऊ दमलेला, त्यात आणखी कशाला, असं तिला वाटलं. बायकोच्या लक्षात आलं होतं की फोन लवकर येतोय. पण तिने मला फक्त बाबा ताईला ओळखत नाहीत एवढंच सांगितलं. मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "ऐसा होता है, बीमारी सीढ़ियाँ उतरती है." आजार पायरीपायरीनेच वाढतो, हे खरं मानून मी घरी आलो.

त्या आठवड्यात एकदा मी सुट्टी घेतली. बाबांशेजारी पेपर वाचत बसलो होतो, ते घोरत होते, आणि टॅबलेट उघडला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार!

"तू बोलली का नाहीस?" मी बायकोला म्हणालो.

"मला वाटलं, ताईंनीच वेळ बदलली. नणंदेला कोण विचारणार, की तुम्ही लवकर का फोन करता म्हणून? आणि वेळेचे पंडित तर तुम्ही!"

ताई टॅबलेटमधून ऐकत होती. "अरे शहाण्या," ती म्हणाली, "माझ्या जेवणाची वेळ सांभाळलीस. त्यांच्या झोपेची कोण सांभाळणार?"

दुरुस्ती एका शब्दाची होती. लंडन पुसायचं आणि कोलकाता लिहायचं, कारण घड्याळांच्या त्या यादीत लखनौला जागा नाही; आपल्या सगळ्यांचं घड्याळ कोलकात्याच्या नावावर आहे. मी तो शब्द बदलला. ताईने साहेबाला सांगून आपली सुट्टी एक वाजता करून घेतली, कारण उन्हाळ्यात आमचे साडेपाच म्हणजे तिकडचा एक. पुढच्या सोमवारी बाबा उठले, चहा प्यायले, आणि साडेपाचला ताई समोर आली.

"नमस्ते जी," बाबा म्हणाले.

आजार पुढे सरकणारच होता, हे मला डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. बायकोने सांगितलं, ताईनेही सांगितलं. पण "कार्टे" म्हणायच्या कदाचित तेवढ्याच संध्याकाळी उरल्या होत्या, आणि त्या मी त्यांच्या झोपेत खर्च केल्या. मला ते काही सोडत नाही.

ताई महिनाभर मराठीत बोलत राहिली. बाबा अवघडून मान हलवायचे, परक्या बाईसमोर हलवावी तशी. मग एक दिवस ती हरली आणि हिंदीत म्हणाली, "अंकल जी, चाय हो गई?"

बाबा खुलले. चहा झाला, मौसम गरम आहे, आमच्या चौकातली दुधाच्या फेसाची मक्खन मलाई हल्ली मिळत नाही, ती सर्दियों की चीज़ आहे, सगळं सांगितलं. मग टॅबलेटकडे झुकून म्हणाले, "हमारी बिटिया लंदन में है. रोज़ शाम को फ़ोन करती है."

"अच्छा?" ताई म्हणाली. "क्या बात करती है?"

"बस, खाना खाया कि नहीं, हम पूछ लेते हैं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम घाईत आले. "अब आप रखिए, बहन जी. उसके फ़ोन का टाइम हो गया है."

ताईने बाबांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जी, रखती हूँ."

टॅबलेट काळा झाला. बाबांनी केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि टॅबलेटकडे बघत बसून राहिले.